पेनिश: गोव्याचे कैदी जिथे नेले गेले ते अटलांटिकवरचं बंदर

मांडवीकाठ (धागाकर्ता)

गोवा मुक्तिलढ्याचा विषय निघाला की आपल्या तोंडी आधी आग्वादचा तुरुंग येतो, मग रेइश मागुशचा, मग पत्रादेवी. पेनिशचं नाव क्वचित कुणी घेतं. घेतलंच तर "पोर्तुगालात नेऊन ठेवलं" एवढ्यावर वाक्य संपतं. ते गाव कसलं, त्या किल्ल्यात आपल्या माणसांच्या आधी कोण होतं, नंतर कोण आलं, हे कुणी सांगत नाही. गेले काही महिने मी याच्या मागे आहे. जेवढं पक्कं हाती लागलं तेवढं मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

पेनिश लिस्बनच्या उत्तरेला साधारण ९० किलोमीटरवर आहे. मूळचं ते बेट. वाळू साचत गेली आणि बेट जमिनीला चिकटलं. आज गाव एका चिंचोळ्या पट्टीच्या टोकाला आहे आणि बाकी सगळीकडे अटलांटिक. पुढे काबू कार्व्होएरूचं भूशिर, त्यापलीकडे बेर्लेंगा बेटं. गावाचा जीव मासेमारीवर. तारले पकडायचे, कारखान्यात डबाबंद करायचे. पुरुष दर्यावर गेले की बायका घरी लाकडी रिळांवर लेस विणत बसायच्या, आणि ती लेस आजही पेनिशची ओळख आहे. किल्ल्याचं काम सोळाव्या शतकात सुरू झालं आणि सतराव्या शतकाच्या मध्याला पुरं झालं. कड्यावर बांधलेला, खाली लाटा आपटताहेत असा तो किल्ला. शत्रू बाहेरून येऊ नये म्हणून उभारलेल्या भिंती पुढे आतला माणूस बाहेर जाऊ नये म्हणून वापरल्या गेल्या.

या बंदराचा हद्दपारीशी संबंध आपल्या लढ्यापेक्षा फार जुना आहे. फेब्रुवारी १७८६ मध्ये 'सान पेद्रो दे अल्कांतारा' नावाचं स्पॅनिश जहाज पेनिशच्या खडकांवर फुटलं. ते पेरूहून चांदी आणि तांबं घेऊन निघालं होतं, आणि त्याच जहाजावर तुपाक अमारूच्या उठावातले कैदी होते. स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या इंका माणसांना त्यांच्या डोंगरांपासून तोडून युरोपात नेलं जात होतं. त्यातले कित्येक इथेच बुडाले. तुपाक अमारूचा धाकटा मुलगा फर्नांदो वाचला, आणि वाचला म्हणून स्पेनला नेऊन पुन्हा कैदेतच ठेवला गेला.

पुढच्याच वर्षी, १७८७ मध्ये, आपल्याकडे पिंटोंचा उठाव फुटला. कांदोळीच्या पिंटोंच्या घरातली खलबतं उघडकीस आली. १७८८ मध्ये पणजीत १५ जणांना अत्यंत क्रूरपणे फाशी दिलं गेलं आणि त्यात सामील असलेल्या गोमंतकीय धर्मगुरूंना जहाजात घालून लिस्बनला पाठवलं. तिथल्या साव जुलियांव द बार्राच्या किल्ल्यात ते खटल्याविना वर्षानुवर्षं सडत राहिले. एक जहाज पेरूहून, दुसरं गोव्याहून, आणि दोन्ही पोर्तुगालच्या त्याच किनाऱ्याकडे. या दोन तारखा एका कागदावर लिहिल्या तेव्हापासून मला हा विषय सोडवेना.

विसाव्या शतकात पेनिशच्या किल्ल्यात एकामागून एक परकी माणसं आली. १९०१ च्या सुमारास बोअर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे लोक, आले. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढताना मागे हटत ते मोझांबिकच्या हद्दीत शिरले होते. पोर्तुगीजांनी त्यांना लोरेन्सु मार्किशहून (आजचं मापुटो) जहाजांत भरून पोर्तुगालला आणलं आणि निरनिराळ्या गावांत वाटून ठेवलं, त्यात पेनिश होतं. पहिल्या महायुद्धात पोर्तुगाल उतरल्यावर जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक इथे डांबले गेले. १९३४ पासून हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने हा राजकीय कैद्यांचा तुरुंगच करून टाकला, तो १९७४ पर्यंत.

त्या ४० वर्षांच्या आत आपली माणसं येतात.

१८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांची सभा झाली हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर जुलैत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पकडलं. चांदरचे, पॅरिसला शिकलेले इंजिनिअर, १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे. सामान्य नागरिकाला लष्करी न्यायालयासमोर उभं केलं, ८ वर्षांची शिक्षा दिली, आग्वादला ठेवलं आणि मग पेनिशला रवाना केलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे आणि जुझे इनासियु द लोयोला यांच्याही वाट्याला तीच वाट आली.

मला जे मांडायचं आहे ते एवढंच: या शिक्षेत कोठडीपेक्षा अंतर मोठं होतं. आग्वादच्या कैद्याला निदान आपल्या आभाळाखाली पावसाचा आवाज ऐकू येई. भेटीला माणूस म्हापशाहून, पेडण्याहून चालत येऊ शके, भेट नाकारली तरी तो दारापर्यंत येऊन गेलाय हे आत कळे. पेनिशच्या कैद्याच्या दारापर्यंत येणार कोण? बोटीचं भाडं कुणाकडे होतं? पत्र सेन्सॉरच्या हातून महिन्यांनी पोचायचं, तोवर त्यातली बातमी शिळी होऊन गेलेली. पोर्तुगीज सत्तेने चारशे वर्षं हे हत्यार पारखून ठेवलं होतं. माणूस मारला तर हुतात्मा होतो, दूर पाठवला तर हळूहळू लोकांच्या बोलण्यातून गळतो. आणि पाहा, काही अंशी त्यांचं साधलंच. आज चांदरच्या वाटेवर कुणालाही विचारा, पेनिश कुठे आहे.

अबोली

फार आवश्यक धागा, धन्यवाद. पाच नावं शाळेत कधीतरी वाचली होती, पण ती गेली कुठे याचं चित्र डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं.

काकोडकरांबद्दल एक भर. अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर हे त्यांचे चिरंजीव. जन्म नोव्हेंबर १९४३ चा, म्हणजे वडील पकडले गेले तेव्हा मुलगा जेमतेम तीन वर्षांचा. आई कमलाताईही स्वातंत्र्यसैनिक. त्यांनी माँटेसरीचं शिक्षण घेऊन शाळेत नोकरी केली आणि मुलाला मध्य प्रदेशात वाढवलं. हद्दपारीची शिक्षा एका माणसाच्या नावावर लिहिली जाते आणि भोगायला अख्खं घर असतं. कमलाताईंबद्दल कुणी सविस्तर लिहायला हवं.

एक प्रश्न: एवढ्या लांब नेण्याचा खर्च सरकारने का केला? आग्वाद होतंच की.

जुना चोपडा

अबोली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर जुन्या कायद्यात आहे. हद्दपारी ही पोर्तुगालची नेहमीची शिक्षा होती. गुन्हेगाराला तुरुंगात बसवून खायला घालण्यापेक्षा साम्राज्याच्या ज्या टोकाला माणसं कमी आहेत तिकडे धाडायचं. १६०३ च्या त्यांच्या कायदेसंहितेत कुठल्या गुन्ह्याला आफ्रिका, कुठल्याला ब्राझील आणि कुठल्याला भारत हे लिहून ठेवलेलं होतं. सैनिक मिळायचा, खलाशी मिळायचा, वसाहतीला माणूस मिळायचा.

वास्को द गामाच्या गलबतांवरही असे शिक्षा झालेले लोक मुद्दाम घेतले होते, जिथे जिवाला धोका तिथे आधी त्यांना उतरवायला. १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्यावर पहिलं पाऊल गामाचं पडलं नाही. ते अशाच एका हद्दपार माणसाचं, जुआंव नुनिशचं पडलं. त्याला तिथे ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी भेटले आणि त्यांनी विचारलं की इथे तुम्हाला कोणी आणलं. उत्तर प्रसिद्ध आहे: ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला आलोय.

म्हणून धागाकर्त्यांच्या मांडणीला मी जोड देईन. गोवा हे नुसतं हद्दपारीला निघण्याचं बंदर नव्हतं, कित्येक शतकं ते हद्दपारीला पोचण्याचंही बंदर होतं. लिस्बनहून निघालेल्या जहाजाला इथे यायला सहा महिने लागायचे. मोझांबिक बेटावर थांबा, वारा चुकला तर तिथेच मुक्काम, आणि वाटेत रोगाने माणसं मरायची ती वेगळीच. कवी कामोंइश १५५३ मध्ये गोव्यात आला तो लिस्बनच्या रस्त्यावर मारामारी करून तुरुंगात पडल्यावर, भारतात चाकरी करीन या अटीवर सुटून. आग्वादचा किल्ला १६१२ चा. तिथल्या झऱ्याचं पाणी जहाजं भरून घ्यायची. त्या पाण्यावर पहिली तहान भागवणाऱ्यांत किती शिक्षा झालेले असतील याचा विचार करा.

आणि उलट दिशेचं उदाहरण हवं तर शार्ल देलों. फ्रेंच वैद्य, दमणला राहायचा. १६७३ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, पकडला, गोव्याच्या कोठडीत ठेवला. जानेवारी १६७६ मध्ये जाहीर शिक्षा सुनावली: भारतातून हद्दपार आणि लिस्बनच्या गलबतांवर पाच वर्षं सक्तमजुरी. ब्राझीलमार्गे त्याला पोर्तुगालला नेलं. सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने पुस्तक छापलं आणि गोव्याच्या इन्क्विझिशनचं आतलं रूप सगळ्या युरोपला कळलं. धागाकर्ते म्हणतात की दूर पाठवलेला माणूस बोलण्यातून गळतो. देलों गळला नाही. त्याला दूर पाठवला म्हणूनच तो बोलू शकला.

मांडवीकाठ

चोपडाराव, देलोंचा मुद्दा मान्य आहे, पण तो फ्रेंच होता. त्याच्यामागे बोलायला एक देश होता, छापायला छापखाना होता. साव जुलियांवच्या किल्ल्यातल्या गोमंतकीय पाद्रींपैकी कुणाचं पुस्तक कुणी छापलं?

अबोली, खर्चाबद्दल. १९४६ मध्ये आग्वादला ठेवलेला कैदी रोज बातमी होत होता. मुंबईतली गोमंतकीय मंडळी, मुंबईची वर्तमानपत्रं, सीमेपलीकडून येणारी माणसं, सगळ्यांचं लक्ष त्या एका टेकाडाकडे. कैदी लिस्बनला पोचला की तो सालाझारच्या गुप्त पोलिसांच्या हाती आणि तिथल्या सेन्सॉरच्या पडद्याआड. १९५१ मध्ये तर त्यांनी घटनाच बदलली. वसाहत हा शब्द काढला आणि गोवा हा पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत असल्याचं लिहून टाकलं. म्हणजे कागदावर तर ही हद्दपारीही राहिली नाही, एकाच देशातल्या एका तुरुंगातून दुसऱ्यात बदली झाली.

सत्तरीकर

सत्तरीच्या राण्यांची बंडं विसरू नका. १८५२ ला दीपाजी राणे, १८९५ ला दादा राणे, १९१२ चं शेवटचं. आमच्या सत्तरीच्या माणसांनाही समुद्रापार धाडलं गेलं. त्यांच्या नावाने ना लष्करी न्यायालयाची कागदपत्रं वाचली जातात, ना चौकात पुतळे. शेतकऱ्याच्या घरातला गडी गेला, परत आला नाही, संपलं.

बेतीचा धक्का

मला या धाग्यात एक गोष्ट खटकतेय आणि ती स्पष्ट लिहितो. पेनिशला गेलेले मोजके, शिकलेले, नाव असलेले लोक. आग्वाद, रेइश मागुश, पणजीची पोलीस कोठडी इथे शेकडो साधी माणसं होती. शिक्षक, शेतमजूर, दुकानदार. त्यांना मारहाण झाली ती इथे, आपल्या गावात, आपल्या भाषेत शिव्या खात. १९५५ मध्ये ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधु लिमये सत्याग्रहाला आले. गोरे आणि लिमये यांनी दीर्घ शिक्षा घेऊन आग्वादला दिवस काढले. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, पत्रादेवीचं स्मारक त्याचंच. "आपल्या आभाळाखाली पावसाचा आवाज" वगैरे वाचून वाटतं की आग्वाद सोपं होतं. ते सोपं नव्हतं.

माझ्या घरातला एक माणूस तिथे होता. त्याचे हात नंतर कधी नीट चालले नाहीत. पावसाच्या आवाजाबद्दल तो कधी काही बोलला नाही.

मांडवीकाठ

बेतीचा धक्का, तुमच्या घरातल्या त्या माणसाला माझा नमस्कार. आग्वाद सोपं होतं असं मला म्हणायचं नाही आणि कुणी तसं वाचू नये. मारहाणीचा हिशेब मांडला तर पारडं कुठल्या बाजूला झुकेल ते तुम्ही सांगितलंतच. मी फक्त त्या दुसऱ्या यातनेबद्दल लिहितोय जिचा व्रण अंगावर दिसत नाही. दोन्ही एकाच राजवटीने दिल्या. आणि मोठ्या नावांमागे जाण्याचा आरोप असेल तर पोर्तुगालला नेलेल्या मोहन रानड्यांची गोष्ट पाहा, ते शाळामास्तर होते.

सदाशिव पेठ ते सावई वेरें

मोहन रानड्यांचा उल्लेख झालाच आहे तर मी लिहितो, कारण पुण्यात आम्ही त्यांना पाहिलं आहे.

मूळ नाव मनोहर आपटे, सांगलीचे. गोव्यात मराठी शाळेत शिकवायला म्हणून आले, सावई वेऱ्याला मास्तर होते, आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेत गेले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा २६ वर्षं. आधी गोव्यात एकांतवास, मग मुक्तीच्या आधीच पोर्तुगालला रवानगी. त्यांना ठेवलं होतं लिस्बनजवळ काशियासच्या किल्ल्यात.

आता तारखा पाहा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पणजीत तिरंगा लागला, निवडणुका झाल्या, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, १९६७ चा जनमत कौल झाला. आणि ज्या गोव्यासाठी लढले तो मुक्त होऊनही रानडे काशियासमध्येच. सुटका झाली २५ जानेवारी १९६९ ला, मुक्तीनंतर सात वर्षांहून अधिक काळाने. अंतर हीच शिक्षा हे धागाकर्त्यांचं म्हणणं मला इथे पूर्ण पटतं. आग्वादचे सगळे दरवाजे १९६१ ला उघडले. काशियासचा दरवाजा उघडायला भारतीय सैन्य जाऊ शकत नव्हतं.

त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचं रान केलं. बाबूजी आपल्याला गाण्यांमुळे ठाऊक, पण १९५४ च्या दादरा नगर हवेलीच्या मोहिमेतही ते होते. रानडे विमोचन समिती त्यांनी चालवली. मद्रास राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांना भेटले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काही न मागता रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकायला सांगितलं. एका तमिळ नेत्याने व्हॅटिकनमध्ये एका मराठी मास्तरासाठी शब्द खर्च केला. रानडे सुटले आणि काही दिवसांतच, ३ फेब्रुवारीला, अण्णादुराई गेले.

रानडे २०१९ च्या जूनमध्ये पुण्यात वारले.

अबोली

हे वाचून गळा भरून आला. तेलो मास्करेन्हस पण ना? माजोर्ड्याचे.

सदाशिव पेठ ते सावई वेरें

हो. कवी, पत्रकार, 'रेसुर्जे गोवा' चालवायचे. १९५९ मध्ये पकडले, पोर्तुगालला नेले, १९७० मध्ये सुटले. जन्म १८९९ चा, म्हणजे साठीचा माणूस आत गेला आणि सत्तरी ओलांडून बाहेर आला. रानड्यांपेक्षाही उशिरा.

तारवटी

मी जहाजावर असतो. काही वर्षांपूर्वी लिस्बनला बोट लागली तेव्हा सुट्टीत बसने पेनिशला गेलो होतो, त्यामुळे थोडं आजचं सांगतो.

गाव आता लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी भरलेलं असतं, तिथे जागतिक स्पर्धा होतात. पण बंदरात होड्या तशाच आहेत, जाळी दुरुस्त करत बसलेले म्हातारे तसेच. किल्ला बंदराला लागूनच आहे. आत भेटीची खोली जपून ठेवली आहे, कैदी आणि घरची माणसं यांच्यामध्ये काच. आवाजावर पहारेकऱ्याचा कान. शिक्षेची गोल कोठडी थेट समुद्रावर आहे. तिथे उभा राहिलो तेव्हा लाटेच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी आयुष्य समुद्रावर काढलंय, तरी त्या आवाजाची भीती वाटली.

त्या कोठडीतून आंतोनियु दियाश लोरेन्सु नावाचा पोर्तुगीज कम्युनिस्ट डिसेंबर १९५४ मध्ये निसटला, हिवाळ्याच्या समुद्रात उडी टाकून. पोहत किनाऱ्याला लागला. त्याहून मोठं पलायन ३ जानेवारी १९६० चं. कम्युनिस्ट नेता आल्व्हारु कुन्याल आणि त्याचे नऊ साथीदार एका पहारेकऱ्याला फितवून, चादरींना गाठी मारून तटावरून उतरले. ज्या राजवटीने आपल्या माणसांना डांबलं तिनेच स्वतःच्या माणसांनाही त्याच किल्ल्यात डांबलं होतं, हे तिथे गेल्यावर नीट समजलं. कैद्यांच्या बायका भेटीला यायच्या तेव्हा गावातल्या कोळ्यांच्या घरी उतरायच्या. कोळ्यांनी दार बंद केलं नाही. आम्हा दर्यावर्दी लोकांना हे सांगावं लागत नाही.

अंगणात मोठी भिंत आहे, अडीच हजारांहून अधिक कैद्यांची नावं कोरलेली.

जुना चोपडा

तारवटी, सुंदर. एक जोडतो: २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि २७ एप्रिलला पेनिशचे कैदी सुटले. आणि तो किल्ला लगेच पुन्हा भरला. अंगोला, मोझांबिक स्वतंत्र झाले तेव्हा तिथून पळून आलेली पोर्तुगीज कुटुंबं राहायला जागा नाही म्हणून त्याच किल्ल्यात ठेवली गेली. बोअरांपासून सुरू झालेलं चक्र साम्राज्याच्या स्वतःच्या लेकरांवर येऊन थांबलं.

१९७४ मध्येच ३१ डिसेंबरला पोर्तुगालने दिल्लीत करारावर सही करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. तोवर त्यांच्या कागदांत आपण तेरा वर्षं पोर्तुगीजच होतो.

काजूबन

मोझांबिकचा विषय निघालाय म्हणून लिहिते. आमच्या घरची एक बाजू लोरेन्सु मार्किशला दुकानदारी करायची. डिसेंबर १९६१ मध्ये इथे गोवा मुक्त झाला आणि तिकडे पोर्तुगीज सरकारने भारतीय नागरिकांवर सूड उगवला. माणसं उचलून छावण्यांत टाकली, दुकानं आणि खाती जप्त केली आणि १९६२ मध्ये हजारोंना देशाबाहेर काढलं. बहुतेक गुजराती, काही आपल्याकडचे. त्यांनी ना सत्याग्रह केला होता ना चौकीवर हल्ला. पिढ्यांचा संसार एका बोटीत मावला.

आमच्याकडे १९ डिसेंबरला दरवर्षी आनंद होतो. मोठी आत्या मात्र त्या दिवशी गप्प असायची. मुक्ती नको होती असं नव्हे, ती रोज देवापुढे गोव्याचं नाव घ्यायची. पण तिच्या नवऱ्याचं दुकान त्याच आठवड्यात गेलं होतं.

हद्दपारीच्या या नकाशावर मोझांबिकहून मुंबईला येणारी रेघही काढा, एवढीच विनंती.

मांडवीकाठ

काजूबन, काढणारच. ती रेघ नसेल तर नकाशा अपुरा आहे.

किनारपट्टी रत्नागिरी

गोव्याच्या धाग्यात रत्नागिरीकराने थोडंसं लिहिलं तर चालेल ना? आमचं गाव याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी राज्य बुडवल्यावर १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद, बाहेरच्या जगाशी संबंध तुटका, हेच आमच्या गावाचं त्यांना आवडलेलं वैशिष्ट्य. राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा तिथेच मेला. सावरकरांना अंदमानातून आणल्यावर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध ठेवलं तेही इथेच. राज्यकर्ता पोर्तुगीज असो की इंग्रज, नकाशावर आडबाजूचं बंदर शोधायची नजर एकच.

आमच्याकडे लहानपणी थिबा राजवाडा म्हणजे सहलीचं ठिकाण. तो माणूस तीस वर्षं समुद्राकडे बघत बसला होता हे कुणी सांगितलं नाही.

बेतीचा धक्का

पुन्हा लिहितोय. रानड्यांवरचा प्रतिसाद आणि काजूबन यांचं लिखाण वाचून माझा सूर थोडा निवळला. मुद्दा मात्र सोडत नाही: साधी माणसं नावानिशी लिहिली गेली पाहिजेत.

पेनिशबद्दल मला जे सापडलं ते या संदर्भात महत्त्वाचं वाटतं. २०१६ मध्ये पोर्तुगाल सरकारने तो किल्ला खासगी हॉटेलसाठी देण्याच्या यादीत टाकला होता. माजी कैदी आणि त्यांच्या घरच्यांनी एवढा आवाज उठवला की सरकारला तो यादीतून काढावा लागला. तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय करायचं ठरलं आणि एप्रिल २०२४ मध्ये, क्रांतीला ५० वर्षं झाली तेव्हा, ते पूर्णपणे उघडलं.

आपल्याकडे १९७४ मध्ये, पेनिशचा तुरुंग रिकामा झाला त्याच वर्षी, आग्वादच्या तटबंदीवर पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं. तुरुंग २०१५ पर्यंत चालू होता. २०२१ च्या डिसेंबरात तिथे संग्रहालय झालं, ते चांगलंच झालं. पण कोळ्यांच्या पेनिशने जे केलं त्यातून आपण शिकायला हवं. भिंतीवर सगळ्यांची नावं, मोठ्यांची आणि लहानांची, एका मापाच्या अक्षरांत.

अबोली

+१. नावं एका मापाच्या अक्षरांत, हे फार आवडलं.

म्हापशाची एक आठवण राहायला नको. १७ फेब्रुवारी १९५४ ला एका मेजवानीत कुणीतरी गोवा हा पोर्तुगालच असल्याचं भाषण केलं आणि डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तिथल्या तिथे उभं राहून निषेध नोंदवला. तेवढ्या एका शब्दासाठी म्हापशाच्या या शल्यविशारदाला पकडून पोर्तुगालला पाठवलं. त्यांच्या पत्नी एदिला मूळच्या अझोर बेटांवरच्या, म्हणजे पोर्तुगीज. त्या नवऱ्याच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या.

सत्तरीकर

राण्यांच्या कैद्यांची नावं मी गावोगाव विचारून गोळा करायला लागतो. वाळपईकडे अजून काही घरांत जुनी माणसं आहेत, सांगतील. पावसाआधी फिरून घेतो.

मांडवीकाठ

सत्तरीकर, याहून मोठी मदत नाही. मग असं करू. कुन्हांचं, म्हणजे अटकेपासून १९५३ मध्ये पॅरिसमार्गे मुंबईला निसटून येईपर्यंतचं आणि २६ सप्टेंबर १९५८ ला मुंबईत झालेल्या निधनापर्यंतचं टिपण मी लिहितो. रानडे आणि मास्करेन्हस पुण्याच्या सदाशिव पेठकरांकडे. मोझांबिक काजूबनकडे. जुन्या काळातली येणारी आणि जाणारी जहाजं चोपडारावांकडे. आग्वादच्या साध्या कैद्यांची यादी बेतीचा धक्का यांनी हाती घ्यावी, आणि पहिलं नाव त्यांच्या घरातलं असावं. मजकूर तयार झाला की मराठी आणि कोंकणी दोन्हीत एक फलक करून संग्रहालयाला लेखी विनंती देऊ.

तारवटी

समुद्राचा नकाशा माझ्याकडे. मुरगाव, एडन, सुएझ, लिस्बन ही एक वाट, आणि लोरेन्सु मार्किशवरून केपला वळसा घालून जाणारी दुसरी, दोन्ही काढून देतो. बोटीवर पुढच्या महिन्यात चढायचंय, त्याआधी पाठवतो.